खिडकीतला तंबाखू

माझी फिमी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचा अजून कोणावरही पुरता विश्वास बसलेला नाही. दवाखान्यातली नर्स रक्त काढायला आली की ती आधी विचारते, "हे कुठे जातं?"

"शहरात, तपासायला."

"मग परत कधी येतं?"

नर्स हसते. मावशी हसत नाही. टपालानं आलेलं पाकीट ती उजेडात धरून बघते आणि मग माझ्याकडे सरकवते. मी आमच्या क्री जमातीच्या ऑफिसात छत्तीस वर्षं कागद सांभाळतो, येत्या मार्चमध्ये सुटेन. त्यामुळे गावातल्या बहुतेक घरांचे कागद मी वाचले आहेत. मावशीचे सगळ्यात जास्त, कारण तिला प्रत्येक कागद दोनदा वाचून हवा असतो. दुसऱ्या वाचनात मी काही वेगळं बोलतो का, ते ती ऐकते.

तिचं पूर्ण नाव युफेमिया लिंकलेटर. आमच्या वापाव गावात मूसचं, म्हणजे उत्तरेकडच्या थोराड रानहरणाचं, कातडं जुन्या पद्धतीनं कमावणारी ती आता एकटीच उरली आहे. हे ती तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून शिकली, पण लहानपणी नाही. सातव्या वर्षी मिशनचा एक माणूस बोटीनं आला होता आणि म्हणाला होता, शाळा बघायला चल. बघायला गेलेली मुलगी नऊ वर्षांनी परत आली. आली तेव्हा तिला आईशी बोलता येत नव्हतं, क्री भाषा तिच्या तोंडातून काढून टाकली होती. आजीनं काही विचारलं नाही. तिच्या हातात हाडाची तासणी दिली आणि ताणलेल्या कातड्यासमोर शेजारी बसवलं. तासता तासता मावशी भाषा पुन्हा शिकली. म्हणून कातडं आणि भाषा या तिच्या दृष्टीनं दोन गोष्टी नाहीत.

पुढे १९७१ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या एका विद्यापीठातले प्राध्यापक आवाज टिपायचं फितीचं यंत्र घेऊन आले. तीन दिवस आजीच्या तंबूत राहिले. माणूस गोड होता, लाकडंही फोडायचा. आजीनं त्याला कातड्याचं सगळं सांगितलं, वर चार गोष्टी सांगितल्या, एक अंगाईही म्हटली. निघताना त्यानं कागद पुढे केला, आजीनं फुली मारली. पुढच्या हिवाळ्यात आजी गेली. तिचा आवाज त्या शहरात एका कपाटात आहे. मावशीच्या वतीनं मी आजवर तीन पत्रं पाठवली. उत्तरं व्यवस्थित आली, माझ्या फायलीत आहेत. ऐकायचं असेल तर इथे या, प्रत हवी असेल तर हक्कदारांची परवानगी आणा. हक्कदार म्हणजे प्राध्यापकांचे वारस. मावशीनं आईचा आवाज पन्नास वर्षांत ऐकलेला नाही.

हे आधी सांगितलं, कारण ऑगस्टच्या एकवीस तारखेला, रविवारी, हॉलडॉर्सन बाई मावशीच्या दारात आल्या तेव्हा मावशीनं चहा का टाकला आणि हात पुढे का केला नाही, हे एरवी कळणार नाही.

केर्स्टिन हॉलडॉर्सन तळ्यापलीकडच्या शहरातल्या हायस्कुलात शिकवतात. आमची बारा मुलं तिथे बसनं जातात. बाईंना कोणीतरी रीत शिकवली होती. लाल फडक्यात बांधलेला तंबाखू त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरला. मावशीनं किटलीकडे बघितलं. शेवटी बाईंनी पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आमच्या शाळेतल्या मुलांना मूसचं कातडं कमवायला शिकवाल का?"

"कोणाची मुलं?" मावशीनं क्रीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं.

"सगळीच. तुमच्या गावची, शहरातलीही."

"हं," मावशी म्हणाली आणि हवा, वारा, मासे यांविषयी बोलत राहिली. बाईंनी दोन कप चहा प्यायला, घाई केली नाही, आणि गेल्या.

आमच्यात तंबाखू घेतला की शब्द दिला. त्यावर पुढे काही लिहायचं नसतं. मावशीनं भाकरी उलटायचा चिमटा घेतला, त्या चिमट्यानं पुरचुंडी उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

"हातानं उचललीस तर चावेल का?" मी म्हणालो.

"हाताला लागला आणि मग कोणी म्हणालं, घेतलास, तर? तू साक्ष देशील?"

"नको असेल तर परत पाठव."

"परत पाठवला तर तिचा अपमान. घेतला तर माझी फजिती. राहू दे तिथे. तो काही जेवायला मागत नाही."

एकोणीस दिवस तो तिथे राहिला. मी दर दोन-तीन दिवसांनी जायचो आणि बघायचो. मावशीही येता-जाता बघायची, दारात अनोळखी कुत्रं बसलं असावं तशी.

नऊ सप्टेंबर हा सॉलोमन काकांचा, मावशीच्या नवऱ्याचा, आठवणीचा दिवस. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. दरवर्षी त्या दिवशी मावशी लाल फडक्यात तंबाखू बांधून ठेवते आणि काकांचे धाकटे भाऊ होरेस काका तो घेऊन तळ्याकाठी जातात, भावाच्या नावानं प्रार्थना करतात, चिमूटभर पाण्याला देतात आणि उरलेला पाइपमध्ये भरून ओढतात. त्या सकाळी मावशी बोरं वेचायला गेली होती. परतली तेव्हा होरेस काका पायरीवर बसले होते आणि मी तिच्या कानाच्या यंत्राचा अर्ज घेऊन आलो होतो.

"वहिनी, यंदा तंबाखू भारी आणलास हं," काका म्हणाले. "दादा खूश झाला असेल."

मावशीनं बादली खाली ठेवली. "कुठला तंबाखू?"

"खिडकीतला. अजून कुठला?"

"तुझा मी कपाटात ठेवलाय! अरे मेल्या!"

"मेलेल्यासाठीच ओढला ना," काका म्हणाले. मग तिचा चेहरा बघून त्यांनी टोपी काढली. "काय झालं? लाल फडकं होतं. दादाचा दिवस होता. कोणीही तेच केलं असतं."

ते खरं होतं. आमच्या गावात कोणीही तेच केलं असतं.

"प्रार्थना केलीस?"

"केली की. नीट. सगळ्यांची नावं घेऊन. तुझं पण."

"माझं पण," मावशी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "आता तुझ्या दादालाच पाठव शाळेत शिकवायला."

"त्याला? जिवंत असताना कातड्याचं एक टोक धर म्हटलं तर कंबर दुखायची त्याची."

मावशी हसली नाही. मी समजूत घालायला गेलो, की तू घेतला नाहीस, चुकून झालं, बाईंना सांगता येईल. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी अर्जाची पानं जुळवू लागलो. "माझ्या घरातून, माझ्या घरच्या माणसानं घेतला. माझं नाव घेऊन धूर वर गेला. तो मी कोणत्या तोंडानं परत बोलावू?" मग बराच वेळ ती बोरांतली पानं काढत राहिली. "कळव तिला. शिकवते म्हणून."

मी कळवलं. बाईंचा आनंद फोनमधून ऐकू आला. आणि सहा दिवसांनी शाळा-मंडळाकडून कागद आला.

अकरा पानं होती. वर मंडळाची मोहर, खाली 'सलोखा अधिकारी' अशा हुद्द्यावरच्या विटलॉक नावाच्या गृहस्थांची सही.

"सलोख्याला अधिकारी लागतो?" मावशीनं विचारलं.

"तसा हुद्दा आहे."

"मग भांडणाला कोण असतो त्यांच्याकडे? वाच."

मी वाचलं. नवव्या कलमात होतं, की शिबिराचं चित्रण होईल आणि चित्रण, आवाज आणि 'त्यातून व्यक्त झालेलं ज्ञान' वापरण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि ते इतरांना देण्याचा हक्क मंडळाला कायमचा राहील. मी ते कलम दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ते तेच होतं.

"कायमचा म्हणजे किती?"

"कायमचा म्हणजे कायमचा, मावशी."

"सरकारी कायमचा का खरा? नद्या वाहतील तोवर, असं म्हणून गेले होते ना ते आपल्याशी जमिनीचा करार करताना? मग नदीवरच धरण बांधलं." तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, उलटा करून मागून बघितला. "आईनं याच्यावरच फुली मारली होती. हाच कागद आहे. माणसं बदलतात, हा तोच राहतो."

मी पहिल्यांदाच तिला घाबरलेली बघत होतो. सही केली तर तिच्या आईचं उरलंसुरलंही त्या कपाटात जाणार होतं. नाही केली तर वर गेलेल्या धुराचा शब्द मोडणार होता, आणि तो मोडून मरायची तिची तयारी नव्हती.

किटली उकळून उकळून आटत आली. मग तिनं विचारलं, "अँब्रोज, तू होतास ना इथे? तंबाखू ठेवताना ती काय म्हणाली?"

"आमच्या शाळेतल्या मुलांना मूसचं कातडं कमवायला शिकवाल का."

"अगदी हेच?"

"अगदी हेच."

"चित्रण म्हणाली?"

"नाही."

"कागद? मंडळ? कायमचं?"

"नाही."

"मग सॉलोमनकडे पोचलं ते तेवढंच पोचलं," मावशी म्हणाली. "मुलांना शिकवीन. हे भर पाकिटात आणि दे पाठवून."

मी सही नसलेला कागद परत पाठवला, सोबत दोन ओळी, की लिंकलेटर बाई मुलांना शिकवायला तयार आहेत, करार त्यांना मान्य नाही. पोच आली नाही. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

सव्वीस सप्टेंबरला, सोमवारी, तळ्याकाठच्या मोकळ्या जागेवर आम्ही तंबू ठोकले. होरेस काकांच्या मुलानं मारलेल्या मूसचं कातडं दोन दिवस पाण्यात भिजलं होतं. ते चौकटीवर ताणून बांधलं. आमची बारा मुलं सकाळपासूनच हुंदडत होती. दहा वाजता बस आली. शहरातली सहा मुलं, हॉलडॉर्सन बाई, विटलॉक आणि तिपाई घेतलेला एक कॅमेरावाला. सगळ्यांच्या अंगात नारिंगी सदरे होते, मावशीला नेलं तसल्या निवासी शाळांतून परत न आलेल्या मुलांच्या आठवणीचे. विटलॉकच्या सदऱ्यावर अजून घडीच्या रेघा होत्या.

त्यांनी आधी फोनच्या पडद्यावर बघून वाचून दाखवलं, की आपण ज्या भूमीवर उभे आहोत ती पिढ्यान् पिढ्या क्री लोकांची आहे आणि याची आम्हाला कृतज्ञ जाणीव आहे.

"काय म्हणतोय?" मावशीनं मला क्रीत विचारलं. तिला इंग्रजी चांगलं कळतं.

"जमीन तुझी आहे म्हणतोय."

"मग त्याला सांग, त्या कॅमेऱ्याचा एक पाय माझ्या दोरीवर आहे. उचल म्हणावं."

मी सांगितलं. पाय उचलला गेला. मग विटलॉक मला बाजूला घेऊन म्हणाले, कागदावर सही झाली नसल्याचं त्यांना आजच कळलं आहे, लिंकलेटर बाईंनी आत्ता केली तरी चालेल, नाही तर कार्यक्रम मंडळाचा धरता येणार नाही आणि मुलांना परत न्यावं लागेल. आवाज सौम्य होता. त्यांनी पेनही काढून ठेवलं होतं.

मावशीनं पेनाकडे बघितलं नाही. ती हॉलडॉर्सन बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि इंग्रजीत बोलली, जे ती वर्षातून दोन-चारदाच करते.

"तंबाखू ठेवताना तू काय म्हणालीस? तेच शब्द सांग. कमी नाही, जास्त नाही."

बाईंचे कान लाल झाले. त्यांचे साहेब शेजारी उभे होते आणि नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, माझा उद्देश व्यापक होता, वगैरे. चांगली माणसं अशा वेळी बहुधा तेच म्हणतात.

"मी म्हणाले," बाई सावकाश बोलल्या, "आमच्या शाळेतल्या मुलांना मूसचं कातडं कमवायला शिकवाल का."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"केर्स्टिन, ते बोलणं झालं," विटलॉक म्हणाले. "ही कार्यपद्धती आहे."

"मी एवढंच मागितलं होतं," बाई म्हणाल्या. "त्यांनी एवढंच दिलंय."

विटलॉकनी पेन खिशात ठेवलं. पाच मिनिटांनी बस शहरातल्या सहा मुलांना, विटलॉकना आणि कॅमेरावाल्याला घेऊन परत गेली. आमची बारा मुलं घरचीच होती, ती कुठे जाणार? आणि हॉलडॉर्सन बाई गेल्या नाहीत. चार दिवसांची रजा टाकते म्हणाल्या, फोन बंद करून माझ्या गाडीत ठेवायला दिला आणि बाह्या वर केल्या.

मी मावशीला म्हटलं, "राहिली बघ."

"राहणारेही बघितलेत," मावशी म्हणाली. "तो प्राध्यापक पण राहिला होता. लाकडं पण फोडायचा."

त्यामुळे बाईंना लाकडं फोडू दिली नाहीत. त्यांना कातड्याच्या सगळ्यात चिवट भागावर, मानेच्या बाजूला बसवलं आणि मावशी समोर बसून तासणीकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघत राहिली. मुलांशी ती क्रीत बोलायची, बाईंशी हातानं. पहिल्या दिवशी त्यांच्या तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. मावशीला एकच संशय होता, की ही तंबूत जाऊन सगळं वहीत उतरवते. तिनं होरेस काकांना पाळतीवर ठेवलं.

"लिहीत नाही वहिनी," काकांनी सकाळी सांगितलं. "झोपते. घोरते सुद्धा."

"घोरायचं नाटक येतं लोकांना."

"हे नाटक असेल तर तिला बक्षीस द्यायला हवं."

काकांना हेरगिरी जमली नाही, कारण ते दिवसभर त्याच बाईंना आपली खिडकीतल्या तंबाखूची हकीकत सांगत होते, चिमट्यासकट, हावभावांसकट. मुलांनी ती चार दिवसांत सहा वेळा ऐकली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी जोर जास्त लावला आणि कातड्याला अंगठ्याएवढं भोक पडलं. त्या तशाच बसून राहिल्या. मुलांना वाटलं, आता मावशी ओरडणार. मावशी उठली, सुई-दोरा घेऊन आली, ते भोक बारीक टाक्यांनी शिवलं आणि म्हणाली, "माझ्या पहिल्या कातड्याला सात होती." मग, उगाच कोणाचा गैरसमज नको म्हणून, पुस्ती जोडली, "पण मी सोळा वर्षांची होते."

तीस तारखेला, मूसचाच मेंदू चोळून, पिळून मऊ केलेल्या कातड्याला कुजक्या लाकडाची धुरी दिली. संध्याकाळपूर्वी ते मधाच्या रंगावर आलं. मुलांनी ते गालाला लावून बघितलं. सामान आवरताना मावशी बाईंसमोर आली. तिच्या दोन्ही हातांवर लाल फडक्याची पुरचुंडी होती.

"माझ्या आईचा आवाज दक्षिणेत एका कपाटात आहे," ती म्हणाली. "आमच्या पत्रांना ते लोक दार उघडत नाहीत. तो घरी आणशील का?"

बाईंचे हात पुढे आले. त्या आता पटकन घेतील, मनापासून घेतील, डोळ्यांत पाणी आणून घेतील, आणि मावशीच्या लेखी संपतील, हे मला दिसत होतं. आमच्या गावात इतक्या लोकांनी इतक्या गोष्टी पटकन कबूल केल्या आहेत.

हात मध्येच थांबले.

"मला होईल की नाही, माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कोणाला विचारायचं, तेही माहीत नाही. विचार करावा लागेल." त्यांनी इकडेतिकडे बघितलं, चुलीपाशी पडलेला भाकरीचा चिमटा उचलला आणि त्या चिमट्यानं पुरचुंडी धरून आपल्या डब्यात ठेवली.

होरेस काका गुडघ्यावर हात मारून हसले. आणि मावशी, जी काकांच्या एकाही विनोदाला हसत नाही, ती तोंडाला पदर लावावा तशी शालीचं टोक लावून कितीतरी वेळ हसत राहिली. घरी जाताना गाडीत मला म्हणाली, "हिला निदान भीती तरी वाटते."

मी दर गुरुवारी ऑफिसच्या टपालासाठी शहरात जातो. हायस्कुलाच्या रस्त्यावरून बाईंच्या वर्गाची खिडकी दिसते. सहा ऑक्टोबरला पुरचुंडी कट्ट्यावर होती, कुंडीच्या शेजारी. तेरा तारखेलाही होती. शाळेच्या कारकुनाकडून कळलं, की बाई मधल्या सुट्टीत त्या विद्यापीठाला फोन लावत असतात आणि विटलॉकनी त्यांना दोनदा बोलावणं पाठवलं आहे. वीस तारखेला मी गाडी हळू केली. कट्ट्यावर कुंडी होती. पुरचुंडी नव्हती.

मी मावशीला काही सांगितलं नाही. आधी होरेस काकांकडे गेलो.

"काका, या आठवड्यात तुम्ही हायस्कुलात गेला होतात?"

"मंगळवारी. नातीला आणायला."

"वर्गात शिरलात?"

काकांनी पाइप तोंडातून काढला. "अरे, आता मी कोणाच्या खिडकीतलं काही ओढत नाही. दादाची शपथ."

"मग कोणी नेली?"

"येताना बाई तळ्याकाठी दिसल्या. एकट्याच. लाल फडकं हातात होतं, पाण्यात काहीतरी टाकत होत्या. मी गाडी थांबवली नाही. अशा वेळी थांबू नये."

तेव्हा मी मावशीकडे गेलो आणि सांगितलं. ती मोकासीनवर, आमच्या कातडी जोड्यावर, मणी ओवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कोणी बघितलं?"

"होरेस काकांनी."

"म्हणजे अजून काही खरं नाही."

तिनं मण्यांची पाकळी पुरी केली, दोरा दातानं तोडला. मग चष्मा पुसत म्हणाली, "त्या जुन्या फिती वाजवायचं यंत्र अजून कोणाकडे असतं का रे? विचारून ठेव."